पावणेसहा साहेबांची पलटण

पलटणीतले जवान त्यांना पाठीमागे ‘पावणेसहा’ म्हणत. कवायत सहाला असली की साहेब पावणेसहाला मैदानावर हजर. मग पाऊस असो, ताप असो, नाहीतर आदल्या दिवशी ट्रंका उचलून कंबर धरलेली असो. हे नाव साहेबांच्या कानावर गेलं होतं आणि मनातून आवडलंही होतं, पण त्यांनी तसं कधी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. घरी मात्र ही चलाखी चालत नसे, कारण घरी बाई होत्या.

बाई म्हणजे साहेबांची बायको. छावणीतल्या शाळेत त्या भूगोल शिकवायच्या, म्हणून सगळ्या छावणीच्या त्या बाई. सतरा वर्षांच्या संसारात नऊ घरं बदलली, तरी प्रत्येक ठिकाणच्या शाळेत त्यांनी आपली जागा मिळवली. साहेब फाटकातून आत येताना टोपी कोणत्या हातात धरतात, एवढ्यावरून दिवस कसा गेला ते त्यांना कळायचं.

साहेब एकोणिसाव्या वर्षी सैन्यात गेले आणि मधल्या दोन-तीन बदल्या सोडल्या तर याच एका पलटणीत वाढले. आता ते पलटणीचे उपप्रमुख होते, आणि चार महिन्यांनी पलटण त्यांच्या हाती येणार होती. घरात कुठल्याही गोष्टीला एकच उत्तर ठरलेलं: “पलटण मिळाली की बघू.” मुलीची सायकल, बाईंना बघायचा असलेला समुद्र, भिंतीचा उडालेला रंग, सगळं त्या एका दिवसावर ढकललेलं.

त्याच सुमारास बाईंचे पाय सुजायला लागले. आधी वाटलं, दिवसभर फळ्यासमोर उभं राहून होत असेल. मग एके दिवशी सातवीच्या वर्गात नद्या शिकवताना त्यांना मळमळलं, आणि त्या खुर्चीत बसल्या त्या उठल्याच नाहीत. लष्करी रुग्णालयातल्या डॉक्टरबाई कमी बोलायच्या. रक्ताचा कागद दोनदा वाचून त्या म्हणाल्या, “दोन्ही किडन्या जवळजवळ बंद पडल्यात. आजपासूनच डायलिसिस सुरू करू.”

आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. दंडात सुई, शेजारी घरघरणारं यंत्र, आणि भिंतीवर एक कॅलेंडर, ज्याचं पान कुणी उलटतच नसे. बाईंच्या भावाचा रक्तगट जुळला नाही. आईला मधुमेह होता. मग एका संध्याकाळी साहेब ताटं पुसता पुसता म्हणाले, “माझी जुळते.”

“काय जुळते?”

“किडनी. सगळ्या तपासण्या झाल्या. एकवीस तारीख मिळाली आहे.”

बाईंनी पेला खाली ठेवला. “आणि तुमची नोकरी?”

“दीड महिना रजा. मग आहेच की.” साहेब हे ताटाकडे बघून बोलले. बाईंना ते दिसलं, पण त्या दिवशी त्यांनी ते वाचलं नाही. वाचायचंच नव्हतं, असं पुढे त्या स्वतःच सांगायच्या.

शेजारच्या घरात लंबू राहायचा. सव्वासहा फूट उंच, साहेबांच्या हाताखाली घडलेला, दारातून वाकून यायचा आणि वाकूनच हसायचा. त्याच्या बायकोला बाई ‘धाकटी’ म्हणत. ऑपरेशनला नऊ दिवस उरलेले असताना धाकटी चाळणी परत करायला आली आणि दारातच रडायला लागली.

“ताई, आनंद करू का रडू तेच कळेना. ह्यांना पलटण मिळाली, पण ती अशी!”

“कुणाला मिळाली?”

धाकटीने वर बघितलं. तिच्या लक्षात आलं, की बाईंना काहीच माहीत नाही. मग थोडं थोडं करून सगळं बाहेर आलं. एका किडनीवरचा अधिकारी लढाऊ पलटणीचा प्रमुख होऊ शकत नाही. त्याची वैद्यकीय श्रेणी घसरते, ती पुन्हा वर येत नाही. साहेबांनी, मला हे माहीत आहे, अशी सही करून दिली होती. लंबूच्या नावाचा हुकूमही निघाला होता.

दुसऱ्या दिवशी यंत्राची सुई टोचायच्या आधीच बाईंनी डॉक्टरबाईंना सांगून टाकलं, “मला त्यांची किडनी नको.”

डॉक्टरबाईंनी पेनाचं टोपण लावलं. “घेणारा नाही म्हणाला की विषय संपतो. पण तुमच्या शिरा नाजूक आहेत. दुसरा दाता मिळेपर्यंत तुम्ही तग धराल का, ते मी सांगू शकत नाही.” थोडं थांबून म्हणाल्या, “तारीख मी अजून खोडत नाही.”

घरात चार दिवस शांतता होती, पण ती सुखाची नव्हती. चौदा वर्षांची मुलगी दोघांच्या मध्ये बसून जेवायची. “बाबांना सांग, पाणी हवंय का”, “आईला विचार, गोळी घेतली का”. शेवटी ती वैतागून म्हणाली, “मी काय टेलिफोन आहे?” तेव्हाही कुणी हसलं नाही. साहेब एकदाही आवाज चढवून बोलले नाहीत, आणि बाईंना त्याचीच जास्त धास्ती वाटत होती.

पाचव्या दिवशी बाई यंत्राला जोडलेल्या असताना साहेब स्टूल ओढून समोर बसले.

“हा अन्याय आहे,” बाई म्हणाल्या. “मला उठून जाता येत नाही.”

“म्हणूनच आत्ता आलोय.”

“मला का सांगितलं नाहीत?”

“तू नाही म्हणाली असतीस.”

“मग आता म्हणतेच आहे.” बाईंनी मान वळवली. “जन्मभर तुम्ही माझ्याकडे बघाल आणि तुम्हाला पलटण दिसेल.”

त्या वाट बघत राहिल्या. आता हा माणूस म्हणेल, छे, असं कसं होईल!  यंत्रातली लाल नळी फिरत होती. मग साहेब म्हणाले, “दिसेल. कधीकधी दिसेल. खोटं कशाला बोलू? ते दिवस तुला सोसावे लागतील. मी तोंड मिटून बसेन, तू माझ्याशी भांडशील. पण तू नसलीस आणि पलटण असली, तर संध्याकाळी घरी येऊन मी कुणाला काय सांगू?”

बाई म्हणाल्या, “मला उद्यापर्यंत वेळ द्या.” साहेब उठले, स्टूल होतं तिथे ठेवलं आणि गेले.

दोन दिवसांनी अवयवदानाला परवानगी देणाऱ्या तिघांच्या समितीसमोर बाईंना एकटीला बसवलं. “तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?” मधल्या गृहस्थांनी विचारलं.

“आहे,” बाई म्हणाल्या. “माणूसच तसा आहे. पण होकार माझा आहे.”

ऑपरेशन पाच तास चाललं. व्हरांड्यात मुलगी आणि धाकटी एकमेकींचे हात धरून बसल्या होत्या. संध्याकाळी नर्सने लघवीने भरलेली पिशवी उंच धरून बाईंना दाखवली, जशी काही ढालच जिंकली होती. पलीकडच्या खोलीत लंबूने साहेबांना काहीतरी विनोद सांगितला आणि बरगडीखालचे टाके ताणले गेले म्हणून नर्सच्या शिव्या खाल्ल्या.

साहेबांची बदली रसदीच्या डेपोवर झाली. पत्र्याचं लांबलचक गोदाम, कपाटांच्या रांगा, त्यात बूट, पांघरुणं, बॅटऱ्या, दोर. डेपो नऊला उघडायचा. साहेब पावणेनऊला कुलपासमोर उभे. कारकून लांबूनच त्यांना बघून धावत सुटायचे. पंधरा दिवसांत सगळा डेपो वेळेवर यायला लागला, पण खुशीने नव्हे.

आणि सांगितल्याप्रमाणे ते दिवसही आले. लंबूने पलटणीची सूत्रं घेतली त्या सकाळी साहेब साध्या कपड्यांत पाहुण्यांच्या रांगेत उभे होते. घरी येऊन त्यांनी चकचकीत असलेले बूट पुन्हा पॉलिश केले, एकदा, दोनदा. बाई समोर जाऊन बसल्या. “बोला. ठरलं होतं ना, मी भांडायचं?” साहेब ब्रश फिरवत राहिले. बाईंनी दुसरा बूट उचलला आणि त्याही घासायला लागल्या. तासाभराने साहेब म्हणाले, “लंबूने सलामी चांगली घेतली.” एवढंच.

तिसऱ्या वर्षी सीमेवर लढाई सुरू झाली आणि पलटण वर निघाली. ट्रक सुटायच्या आधी लंबू साहेबांजवळ आला. “सर, तुमची पलटण मोडून आणणार नाही,” म्हणाला, आणि वाकून ट्रकमध्ये चढला. साहेब धूळ बसेपर्यंत तिथेच उभे राहिले.

मग सुरू झाले ते अकरा दिवस. वर काय चाललंय ते छावणीत कुणालाच कळत नव्हतं. रेडिओवर रोज तीच चार वाक्यं. पण पलटणीला जे जे लागेल त्याच्या मागणीचा कागद साहेबांच्या टेबलावर यायचा, आणि साहेबांना तो वाचता येत होता. पहिल्या दिवशी बॅटऱ्या आणि मोजे. तिसऱ्या दिवशी दोर आणि दारूगोळा. पाचव्या दिवशी वीस स्ट्रेचर. साहेबांनी कागदावर सही केली, स्वतः गोदामात गेले आणि वीसच्या वीस स्ट्रेचरची कापडं ताणून बघितली.

त्या संध्याकाळी टोपी डाव्या हातात होती. धाकटी बाईंकडे चहाला आली होती. “भाऊजी, काही कळलं का?”

“ठीक आहेत,” साहेब म्हणाले. “आणखी मोजे मागताहेत. थंडी फार आहे.”

धाकटी हसली. “ह्यांच्या मापाचे मोजे तरी मिळतात का तुमच्या डेपोत?”

ती गेल्यावर बाईंनी स्वयंपाकघराचं दार लोटलं. “काय मागितलंय?”

“सांगता येत नाही.”

“कागदाला नाही विचारत मी. तुम्हाला विचारतेय.”

साहेबांनी ओट्याला पाठ टेकली. “वीस स्ट्रेचर,” ते म्हणाले. आणि बाईंच्या पोटात, उजव्या कुशीत, जिथे साहेबांची किडनी होती तिथे कळ आली. डॉक्टरबाईंनी पुढे सांगितलं, तिथे अशी कळ येत नाही. बाई म्हणाल्या, मला आली.

पुढचे सहा दिवस रोज तेच. सातव्या दिवशी आणखी चाळीस स्ट्रेचर. नवव्या दिवशी पांढरं कापड, दीडशे मीटर. रोज संध्याकाळी धाकटी यायची, रोज साहेब म्हणायचे मोजे, कानटोप्या, मोजे. बाई तिच्यासमोर चहाचा कप ठेवताना तिच्या डोळ्यांत बघायचं टाळायच्या. एकदा तर धाकटीने बाईंच्या मदतीने लोकर आणली आणि मोजे विणायला घेतले. त्या सुया एकमेकींवर आपटायच्या तो आवाज बाईंना सहन होईना. त्या उगाच उठून नळ सोडायच्या.

बाराव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला साहेब पूर्ण गणवेशात फाटकातून आत आले. आपल्या घराकडे त्यांनी पाहिलंही नाही. ते सरळ शेजारच्या दाराकडे चालत गेले. बाई खिडकीत होत्या. त्यांनी पायातल्या सपाता तशाच टाकल्या आणि अनवाणी धावल्या. धाकटी दारात उभी होती. अकरा वाजता, गणवेशात, टोपी काखेत. तिला काही सांगावं लागलं नाही.

ती ओरडली नाही. दार धरून म्हणाली, “तुम्हाला केव्हापासून माहीत होतं?”

“लंबूचं आज कळलं. सकाळी.”

“आणि बाकीचं?”

साहेबांनी काखेतली टोपी हातात घेतली.

“मोजे!” धाकटी म्हणाली. मग बाईंकडे वळली. “तुलाही माहीत होतं. तू मला लोकर निवडून दिलीस.” जरा वेळाने ती अगदी शांतपणे म्हणाली, “तुझा माणूस घरी आहे, ताई.” आणि दार लावून घेतलं.

लंबूसकट अकरा जण गेले होते. महिन्याभरात धाकटी सामान बांधून माहेरी निघून गेली. बाई निरोप द्यायला गेल्या तर तिने पाठ फिरवली.

साहेबांचं वजन उतरायला लागलं. शब्दाला शब्द म्हणून बोलायचे, पण मन घरात नसायचं. एकदा बाईंनी धरलंच, “काय चाललंय डोक्यात ते सांगा, नाहीतर मी गोळ्या घेणं बंद करते.” ही धमकी त्यांनी आयुष्यात एकदाच दिली.

“मी असतो तर किती जण गेले असते?” साहेब म्हणाले. “अकरा? सहा? एकही नाही? तेवढंच विचारतो स्वतःला. दुसरं काही नाही.”

 बाईंच्या मनात दुसराच प्रश्न होता, आणि तो त्यांनी कुणालाच सांगितला नव्हता: हे तिथे असते तर आज जिवंत असते का? आणि हा प्रश्न मनात आला की जो सुटकेचा श्वास यायचा, त्याची त्यांना लाज वाटायची.

शेवटी बाईच म्हणाल्या, “मग जाऊन विचारा. जे परत आलेत त्यांना विचारा. आणि धाकटीलाही तेच द्या. मोज्यांच्या बदल्यात खरं काय ते द्या.”

पुढची दोन वर्षं दोघं रजा मिळेल तशी हिंडली. कुणी रुग्णालयात होतं, कुणी निवृत्त होऊन दुकान टाकलेलं, कुणाचा पाय गेलेला. साहेब विचारायचे आणि बाई शाळेच्या वहीत लिहून घ्यायच्या. बाईंच्या पर्समध्ये गोळ्यांची डबी. सकाळी आठ आणि संध्याकाळी आठ, मग बस चालू असो की रडणारा माणूस समोर असो. असे एकोणीस जण भेटले. विसावे होते जुने सुभेदार, त्या पहाटे लंबूच्या शेजारी असलेले. ते एका शाळेत पहारेकरी होते. फाटकाजवळच्या बाकावर तिघं बसली.

“पहाटे पाचला निघायचा हुकूम होता,” सुभेदार म्हणाले. “समोर उघडा उतार. वरून स्वच्छ दिसत होतो आम्ही. लंबूसाहेब म्हणाले, धुकं उतरू दे. वायरलेसवर दोनदा हुकूम आला, निघा म्हणून. दोनदा त्यांनी नाही म्हटलं. चाळीस मिनिटं थांबवलं आम्हाला. मग धुकं आलं आणि आम्ही चढलो. शेवटच्या टप्प्यात लंबूसाहेब पडले.”

साहेबांनी तो प्रश्न विचारलाच. बाईंचं पेन थांबलं. “सुभेदार, मी असतो तर?”

सुभेदार हातातल्या किल्ल्या फिरवत राहिले. “साहेब, तुमच्याइतका शिस्तीचा अधिकारी मी पाहिला नाही. तुम्ही थांबवलं असतं का, ते तुमचं तुम्हाला ठाऊक.”

शाळेची घंटा झाली, पोरं फाटकातून बाहेर सुटली, सुभेदार उठून त्यांना रस्ता ओलांडायला मदत करायला गेले. साहेब बाकावरच होते.

“नसतं थांबवलं,” ते म्हणाले. “पाचचा हुकूम म्हणजे मी पावणेपाचला निघालो असतो.”

बाईंनी वही मिटली.  त्या दिवशी साहेब पोटभर जेवले. आनंदाने नव्हे, पण जेवले. रात्रीच्या जेवणाला त्यांनी पुन्हा मागून घेतलं, हे बाईंनी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं.

ती वही घेऊन दोघं धाकटीच्या माहेरी गेली. तिने आत बोलावलं नाही, पायरीवरच बसून वाचायला घेतली. पहिल्या काही पानांवर साहेबांच्या अक्षरात अकरा दिवसांचे मागणीचे सगळे कागद जसेच्या तसे उतरवलेले होते, तारखेसकट. ती सगळी वही वाचेपर्यंत दोघं अंगणात उभी. बाईंचे पाय भरून आले तरी त्या बसल्या नाहीत. धाकटी सुभेदारांच्या पानावर बराच वेळ अडली.

“हुकूम मोडला ह्यांनी?” तिने विचारलं.

“मोडला,” साहेब म्हणाले. “म्हणून त्या उतारावरची ऐंशी माणसं घरी आली. मला ते जमलं नसतं, वहिनी.”

धाकटी उठली. “ताई, गोळीची वेळ झाली असेल ना तुझी? पाणी आणते,” म्हणाली. लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. पत्रं यायला आणखी वर्ष गेलं, आणि ती बाईंकडे राहायला आली त्याला तीन.

साहेब त्याच हुद्द्यावर निवृत्त झाले. समुद्र बघून झाला. बाईंना तो फार आवाज करणारा वाटला. पन्नाशीत साहेबांनी बाईंना गाडी शिकवली, आणि त्या निमित्ताने दोघं जेवढी भांडली तेवढी सगळ्या संसारात भांडली नव्हती. सगळे धरून चालले होते की आधी बाई जाणार. बाईही तेच धरून होत्या. कुठली बरणी कुठे आहे याची यादी त्यांनी कपाटाला आतून चिकटवली होती.

त्र्याहत्तराव्या वर्षी एका दुपारी साहेब पेपर वाचता वाचता म्हणाले, “डावा हात जड वाटतोय.” बाईंनी गाडी काढली. रस्ताभर साहेब छाती धरून सांगत होते, “गिअर बदल. अगं, दुसरा टाक.” बाई ओरडल्या, “गप्प बसा हो!” ते हसले आणि गप्प बसले. रुग्णालयाच्या दारात त्यांना स्ट्रेचरवर घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

आठवडाभराने पलटणीचा सध्याचा प्रमुख भेटायला आला. तरुण, अवघडलेला. धाकटी तेव्हा तिथेच होती, चहा तिनेच आणला. तो म्हणाला, “आमच्याकडे प्रमुखांच्या नावांची पाटी आहे. साहेबांचं नाव त्यात सापडलं नाही. काही चूक झाली असेल तर दुरुस्त करायची म्हणून…”

“चूक नाही,” बाई म्हणाल्या. “त्यांनी पलटण घेतलीच नाही. ते डेपोवर होते.” आणि मग त्यांनी त्याला सगळं सांगितलं, किडनीपासून शाळेच्या बाकापर्यंत. काही ठिकाणी धाकटीने मध्येच तोंड घालून दुरुस्ती केली. गार झालेला चहा त्याने शेवटी एका घोटात संपवला.

निघताना तो कप हातात घेऊनच दारात रेंगाळला. विचारू की नको असं चाललं होतं. “त्यांना वाईट वाटायचं का कधी?”

“वाटायचं की,” बाई म्हणाल्या. “वर्षातून चार-पाच दिवस. त्या दिवशी मी त्यांच्याशी भांडायचे.” आणि त्याच्या हातातला रिकामा कप काढून घेऊन त्या आत गेल्या.